‘कोणी सुचवलं’चा रकाना

पहिल्या तीन मीटिंगांत मी एकच वाक्य बोलले. “माझा आवाज येतोय का?” तेही इंग्रजीत, आणि कुणी काही विचारलेलं नसताना. आवाज चांगला जात होता. बोलायला काही नव्हतं अशातलाही भाग नाही. पण माझं वाक्य आधी मराठीत उगवायचं, मग त्याचं इंग्रजी करायचं, मग काळ बरोबर आहे का ते बघायचं. तोवर बाकीचे तिघं दोन विषय पुढं निघून गेलेले असायचे. मग मी मान हलवायची. मान हलवायला व्याकरण लागत नाही.

मी तेव्हा परभणीच्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होते आणि रोज झरीहून एसटीनं ये-जा करायचे. आमच्या कॉलेजनं बाहेरच्या एका विद्यापीठाबरोबर एक कोर्स घेतला होता. वेगवेगळ्या देशांतल्या चार विद्यार्थ्यांची एक टीम करायची, एकमेकांना कधीही न भेटता त्यांनी एखादं यंत्र डिझाइन करायचं आणि ते बनवून दाखवायचं. आमच्या टीममध्ये एक जर्मन मुलगी, एक ब्राझीलचा मुलगा, एक जपानी मुलगा आणि मी. दर शनिवारी संध्याकाळी साडेसहाला मीटिंग. जर्मनीत तेव्हा दुपार, ब्राझीलमध्ये सकाळ, आणि तो जपानी बिचारा जेवून, झोप मोडून बसलेला असायचा.

काम ठरलं ते निंदणीचं. बायका दिवसभर उकिडव्या बसून खुरपतात, तर त्यांना उभ्यानं ढकलता येईल असं एका चाकाचं हलकं कोळपं करायचं. हे आमच्याच भागातलं काम म्हणून सगळ्यांना वाटलं की मी आता भडाभडा बोलेन. मी मान हलवली.

जर्मन मुलीनं कामासाठी एक तक्ता केला होता. इंटरनेटवर, चौघांनाही उघडता येईल असा. त्यात चार रकाने: काम, कोणी सुचवलं, कोणी केलं, कधी झालं. ज्याचं त्यानं भरायचं, कुणी तपासायचं नाही. तिच्या मते ह्यानं भांडणं होत नाहीत. असेल बाई. पण मला तो तक्ता छळायचा. ‘कोणी केलं’मध्ये माझं नाव होतं. बायकांची उंची मोजली, सऱ्यांतलं अंतर मोजलं, फोटो काढले, सगळीकडं मीच. ‘कोणी सुचवलं’मध्ये मात्र वरपासून खालपर्यंत ते तिघंच. त्या ब्राझीलवाल्याला तर शिंक आली तरी कल्पना सुचायची. मी बसमध्ये मोबाइलवर तो तक्ता उघडायचे आणि स्वतःवरच चिडायचे. सांगकामी आहेस नुसती, म्हणायचे.

ड्रॉइंग तयार झालं तसं ते बनवून घ्यायचं काम माझ्याकडं आलं. आमच्या गावात एसटीच्या थांब्याला लागून मिस्त्रीमामांचं वेल्डिंगचं दुकान आहे. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत. गावात आईच्या वयाच्या माणसाला मामा म्हणायचं, म्हणून मामा. सातवी शिकलेले. ट्रॉलीचा मोडका सांधा, वखराची पास म्हणजे माती कापणारं आडवं पातं, देवळाचं गेट, सगळं त्यांच्याकडं. मी जर्मन मुलीचं ड्रॉइंग चार पानांवर छापून नेलं. त्यांनी चष्मा लावून ते नीट बघितलं, पानं बाजूला ठेवली, त्यांच्यावर एक पाना ठेवला उडू नयेत म्हणून, आणि खडूनं जमिनीवर तेच कोळपं खऱ्या मापात काढलं. जमिनीवर काढल्याशिवाय त्यांना हात घालता येत नाही. कागदावर लोखंड कळत न्हाई, म्हणतात.

काढता काढता ते चाकापाशी थांबले. “हे काय?” म्हणाले.

चाकाला चिकटलेली माती खरवडायला पट्टी आहे, मी सांगितलं. जर्मनीत कॉम्प्युटरवर तपासून घेतलंय.

“तिथं चालत आसंल. आपल्या काळ्या रानात हिच्यात माती बसंल. खडा आडकला की चाक जाम.”

हे मी टीमला सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. कॉम्प्युटरनं पास केलेलं डिझाइन आमच्या झरीच्या सातवी पास मिस्त्रीनं नापास केलं, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? मला मामांचीच लाज वाटली. मग मी ड्रॉइंगप्रमाणंच करून घेतलं. पाऊस उघडून वाफसा झाल्यावर, म्हणजे रान कामाजोगं सुकल्यावर, आईनं आमच्या कापसात ते चालवलं, तर पंधरा पावलांत चाक मातीचा गोळा होऊन बसलं. आई म्हणाली, “ह्याच्यापेक्षा खुरपं बरं.”

मी ते तसंच, मातीसकट, ढकलत दुकानात आणलं.  माझं ऐकलं नाहीस असं मामा म्हणाले नाहीत. पट्टी कापून टाकली. भंगारातून मोटारसायकलची एक झिजलेली साखळी काढली, वीतभर तुकडा तोडला, त्याच्या टोकाला एक जड नट बांधला आणि चाकाच्या वर मोकळा लोंबता सोडला. चाक फिरलं की ती साखळी थरथरायची, चाकावर आपटायची, आणि माती बसायच्या आधीच झडून जायची. खडा आला तर साखळी बाजूला होणार, अडकायचा प्रश्नच नाही. मी विचारलं, हे कसं सुचलं मामा?

“म्हैस माश्या कशी हाकलती? शेपूट काय एका जागी धरून ठिवती का ती?”

दुसऱ्या दिवशी त्याच रानात आईनं सऱ्याच्या सऱ्या निंदून काढल्या. मी व्हिडिओ केला. मामा बांधावर उभं राहून बघत होते. मी म्हणाले, मामा, तुम्हाला काय देऊ सांगा. ते म्हणाले, काही नको, नाव तेवढं टाक.

नावाचं त्यांचं एक दुखणं होतं, गावाला माहीत असलेलं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी बैलाचं एक कोळपं काढलं होतं, पास कमी-जास्त तिरकी करता येणारं. तालुक्याच्या बाजारातल्या एका दुकानदारानं नमुन्याला म्हणून एक नेलं, तशीच्या तशी करून घेतली आणि त्यांवर रंगानं स्वतःच्या दुकानाचं नाव टाकून विकायला काढली. मामा बाजारात गेले तर आपलंच कोळपं दुसऱ्याच्या नावानं उभं. भांडले नाहीत. परत आले. पण दुकानात कुणी नवीन माणूस बसला की चहा यायच्या आत ही गोष्ट निघायची. मी लहानपणापासून कितीदा ऐकली असेल, आणि दर वेळी त्या दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घातलेल्या. मी म्हणाले, मामा, नाव टाकते म्हणजे टाकतेच.

शनिवारी मीटिंगमध्ये व्हिडिओ दाखवला. जर्मन मुलगी एरवी मोजून बोलणारी. चूक असेल तर तोंडावर चूक म्हणणारी, त्यात गोडवा बिडवा काही नाही. ती खुर्चीत पुढं सरकली. व्हिडिओ परत लावायला सांगितला. ब्राझीलवाला हसायलाच लागला, आनंदानं. जपानी मुलगा सहसा बोलत नसे, त्यानं खाली लिहिलं, फार सुंदर. मग जर्मन मुलीनं विचारलं, “ही तुझी कल्पना?”

त्या कोर्समध्ये मी पहिल्यांदाच मनात वाक्य न जुळवता उत्तर दिलं. एका शब्दात. “येस.”

झालं. कुणी गळ्याला सुरी लावली नव्हती. “आमच्या गावच्या मिस्त्रीची” एवढं इंग्रजी मला येत होतं की. नंतरच्या पाच मिनिटांतही सांगता आलं असतं, अरे थांबा, चुकलं माझं.  ती तिघं माझं कौतुक करत होती आणि मला ते लय गोड लागत होतं, खोटं कशाला बोलू. मीटिंग संपल्यावर मी तक्ता उघडला. काम: साखळीनं माती झाडणे. कोणी सुचवलं: तिथं मी माझं नाव लिहिलं. ‘कोणी केलं’मध्येही माझंच. मामांचं नाव घालायला पाचवा रकाना नव्हता, अशी मी मनाची समजूत घातली. नाचता येईना अंगण वाकडं.

सोमवारी बसमधून उतरले तर मामांनी दुकानातूनच विचारलं, “सांगितलंस का गं माझं नाव त्याहिला?”

“सांगितलं की,” मी म्हणाले. “लय खूश झाले.”

एक खोटं पचलं की दुसऱ्याला जागा होते. आठवडाभरात थांब्यावरच्या चहावाल्यापासून मानवतहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना माहीत झालं की मिस्त्रीचं नाव जर्मनीत गेलंय. मला येता-जाता लोक विचारायचे. मी हसून पुढं जायचे.  मग मी बसमधून थांब्याच्या अलीकडंच, शाळेपाशी, उतरायला लागले.

आणि मग जर्मन मुलीनं घोळ घातला. म्हणजे घोळ माझाच, तिनं फक्त उजेड पाडला. शेवटच्या आधीच्या मीटिंगला ती म्हणाली, वस्तू जिथं बनली ते वर्कशॉप आम्हाला थेट दाखव, आणि ज्यांनी वेल्डिंग केलं त्यांनाही भेटव. मी बहाणे केले. नेटवर्क नाही, लाइट जाते, त्यांना वेळ नाही. ती म्हणाली, मग त्यांना वेळ असेल तेव्हा आपण भेटू. ह्या लोकांना ‘बघू’ म्हणजे ‘नाही’ हे कळत नाही हो. आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं.

मामांना सांगावंच लागलं. पुढच्या शनिवारी मी दुकानात गेले तर ओळखू येईना. भंगार एका कडेला रचलेलं, जमीन झाडून पाणी मारलेलं. मामा पांढऱ्या सदऱ्यात, टोपी इस्त्रीची. लग्नाला निघाल्यासारखे. कोळपं तेल लावून मधोमध उभं केलेलं, आणि स्वतः त्याच्या दांड्यावर हात ठेवून उभे. मी मोबाइल ऐरणीवर टेकवला. 

ते तिघं पडद्यावर आले. जपानी मुलानं वाकून नमस्कार केला, तसे मामाही वाकले. मी इंग्रजीत म्हणाले, हे ह्या वर्कशॉपचे मालक, ह्यांनी वेल्डिंगला मदत केली. मामा मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते काय ऐकतायत. त्या सगळ्या इंग्रजीत त्यांना ओळखू येईल असा एकच शब्द होता, त्यांचं नाव. ते त्याची वाट बघत होते.

जर्मन मुलगी म्हणाली, “त्यांना विचार ना, तुझ्या साखळीच्या कल्पनेबद्दल त्यांचं काय मत आहे.”

मी मामांकडं वळले. “मामा, त्या विचारायल्यात, साखळी कशी सुचली तुमाला?”

मामा खुलले. म्हशीचं सांगितलं. शेपटी कशी हलते ते हातानं करून दाखवलं. पहिली साखळी लांब झाली होती, ती कोळप्याच्या पात्याला लागत होती, मग दोन कड्या कशा कमी केल्या, ते सांगितलं. खाली बसून चाक फिरवून दाखवलं. नट का बांधला, हलका बांधला तर काय होतं, तेही. चांगली पाच मिनिटं बोलले, आणि मध्ये एकदा सरळ पडद्याकडं बघून बोलले, माझ्याकडं नाही. ते तिघं अगदी चित्त देऊन ऐकत होते. एक शब्द कळत नव्हता तरी. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी इंग्रजीत म्हणाले, “ते म्हणतात, चांगली चालते.”

जर्मन मुलीच्या भुवया वर गेल्या. एवढंच? असं तिच्या तोंडावर होतं. त्यांनी मामांचे आभार मानले, हात हलवले, आणि पडदा बंद झाला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

मामा दांड्यावरचा हात काढून स्टुलावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “मी येवढी लांबण लावली, अन् तू येवढुसंच सांगितलंस.”

“इंग्रजीत कमी शब्द लागतात, मामा.”

“आसंल.” त्यांनी टोपीची इस्त्री बोटानं सरळ केली. “माझं नाव न्हाई आलं त्याच्यात.”

मी मोबाइल ऐरणीवरून उचलून पुसत बसले.  त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग माझीच कड घ्यायला लागले. “आवघड पडत आसंल त्याहिला. परदेशी माणसाची जीभ वळत न्हाई आपल्या नावाला.”

माझ्यापुढं तेवढा एक आडोसा होता, त्यांनीच केलेला. मी त्याच्यामागं शिरले. “हो मामा,” म्हणाले, “लय अवघड जातं त्यांना.”

मामांचं नाव दोन अक्षरांचं आहे. अंगणवाडीतलं पोरगं म्हणेल इतकं सोपं.

आमची टीम कोर्समध्ये पहिली आली. शेऱ्यात साखळीचा खास उल्लेख होता, माझ्या नावासकट. वडलांनी सर्टिफिकेट फ्रेम करून देवघरासमोर लावलं. पुण्यात नोकरीच्या मुलाखतीला त्यांनी विचारलं, स्वतः सोडवलेला एखादा प्रश्न सांगा, तर मी साखळीच सांगितली, आणि म्हशीचं शेपूटसुद्धा सांगितलं. नोकरी मिळाली. त्या नोकरीचं मी आजही खाते. मला कुणी हुशार म्हटलं की माझ्या कानाच्या पाळ्या तापतात, आणि लोकांना वाटतं मी लाजाळू आहे.

ह्या वर्षी जर्मन मुलीचं पत्र आलं. ती आता जर्मनीतच विद्यापीठात शिकवते. तिची एक विद्यार्थिनी आमच्या कोळप्यावर पुढं काम करतेय, आणि साखळी किती लांब, नट किती जड हे ठरवताना मी नेमका कसा विचार केला, ते तिला जाणून घ्यायचंय. मी ते पत्र एका रविवारी सकाळी उघडलं आणि दुपारपर्यंत तशीच बसले. काय विचार केला होता मी? काहीच नाही. मी बाजूला उभी राहून मोबाइलमध्ये बघत होते. आता आणखी खोटं बोलायचं तर मामांकडं जाऊन, त्यांना विचारून, परत स्वतःच्या नावावर खपवायला पाहिजे होतं. तेवढं माझ्यानं झालं नाही. मी तिघांनाही खरं लिहिलं. ‘येस’पासून ‘चांगली चालते’पर्यंत, सगळं. तक्ता अजून तिथंच होता, तो उघडून त्या रकान्यातलं माझं नाव खोडलं आणि मामांचं लिहिलं.

मला वाटलं आता बोलणी बसतील. जर्मन मुलीनं दोनच ओळी लिहिल्या. सांगितलंस ते बरं केलंस, लवकर सांगायला हवं होतंस. आणि, त्यांचं नाव आम्ही कसं म्हणायचं ते बोलून पाठव. मी माझ्या आवाजात नाव म्हणून पाठवलं. दोन दिवसांत तिघांचीही रेकॉर्डिंगं आली. जर्मन मुलगी, ब्राझीलवाला, जपानी. तिघांनीही मामांचं नाव घेऊन आभार मानले होते. नाव तिघांनाही पहिल्या झटक्यात आलं होतं.

ती रेकॉर्डिंगं मोबाइलमध्ये घेऊन मी दोनदा गावी जाऊन आले आणि दोन्ही वेळा शाळेपाशीच उतरले. तिसऱ्यांदा थांब्यावर उतरले. मामांच्या दुकानात सेलूकडचा एक शेतकरी नांगराचा फाळ घेऊन बसला होता. मला बघून मामा त्याला म्हणाले, “हीच ती आमची इंजिनिअर. हिच्यासंगं बाहेरच्या देशात काम केलंय मी. नाव तेवढं घेता येत न्हाई त्या लोकाला, जीभ वळत न्हाई त्याहिची.”

म्हणजे माझं खोटं ते इतकी वर्षं माझ्या वतीनं लोकांना सांगत आले होते.

मी मोबाइल काढला आणि ऐरणीवर ठेवला. रेकॉर्डिंगं लावली. एकामागून एक तीन आवाज आले, प्रत्येकात मामांचं नाव, स्वच्छ. मामांच्या हातातलं काम थांबलं. त्यांनी बोटानं खूण केली, परत लाव. मी परत लावलं. तो शेतकरी हसत म्हणाला, अहो मिस्त्री, तुमचंच नाव घ्यायलेत की.

मामा हसले नाहीत. “येतंय की त्याहिला,” म्हणाले, आणि माझ्याकडं बघितलं.  मग त्या माणसाला म्हणाले, पाहुणं, फाळ ठिवून जा, दुपारून या. तो गेल्यावर त्यांनी स्टूल माझ्याकडं सरकवलं.

“बस,” म्हणाले. “आता मला सांग, त्या दिशी तू त्याहिला काय सांगितलं व्हतंस.”